टाचेशी अडलेला मोजा

टिंग.

दुपारची लाइट गेली होती. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली, खालच्या मजल्यावरची घरघंटीही थांबली. घर इतकं गप्प झालं की माझ्या लेकीच्या, आभाच्या, नाकातली बारीक शिटीसुद्धा ऐकू यायला लागली. तिचा एक पाय माझ्या पोटावर, एक हात माझ्या केसांत. तिला घाम येऊ नये म्हणून मी पेपरच्या पुरवणीने वारा घालत होते, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फरशीवर काहीतरी पडलं. पडून थोडं घरंगळलं. मग परत काही नाही.

चमचा नव्हता तो. चमचा पडतो तो भांडल्यासारखा पडतो. हा आवाज बारीक, लांबट होता. गणपती झाल्यापासून माझ्याच हातून तो इतक्यांदा झाला होता की झोपेतही ओळखला असता. मोज्याची सुई.

पण सुया मी सकाळीच पिशवीत घालून पिशवी शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवली होती, आभाचा हात पोचू नये म्हणून. निनाद, माझा नवरा, सकाळीच जासईला गेलेला. तिथल्या कंटेनर यार्डच्या ऑफिसात असतो तो. घरात आम्ही तिघीच. आभा माझ्या कुशीत होती.

राहिल्या आई.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुनीताबाई. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर तीच शिस्त लोकरीला लावली. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत त्यांना स्वेटरवाल्या काकू म्हणतात. पनवेलच्या उकाड्यात स्वेटर घालतो कोण, असं विचारायची कुणाची हिंमत नाही. दर गुरुवारी त्या पनवेल गावात जायच्या, टपाल नाक्याच्या अलीकडे मुबीनाखालांच्या घरी. तिथे चौघीजणींचा विणकामाचा गट बसतो. खालांचे मिस्टर कुवेतहून कायमचे परत आले तेव्हा त्यांनी हॉलमध्ये एसी लावला, आणि मांडीवर लोकर घेऊन बसता येईल अशी ती एकच जागा या चौघींना सापडली. खालांचा भाचा यासीन इंजिनियर आहे. तो तिकडे वर, बर्फाच्या मुलखात रस्त्याच्या कामावर होता. एकदा त्याने सांगितलं की तिथल्या वसतिगृहातली मुलं फाटक्या मोज्यांनी हिवाळा काढतात. तेव्हापासून दर दिवाळीआधी इथून मोज्यांचं एक खोकं तिकडे जातं.

त्या गटाचा एक नियम आहे. एक जोडी, एक हात. ज्या बाईने जोडी सुरू केली तिनेच ती संपवायची. कारण कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. दोन हात लागले की एका पायात मोजा चावतो आणि दुसऱ्या पायात गोळा होतो. नियम कुणी केला, हे सांगायला नको. गणिताच्या बाईंनी. त्यांच्यातल्या ताहिराखालांच्या मुलाचं, अब्दुल्लाचं लग्न होतं त्या वर्षी ताहिराखाला काकुळतीला येऊन म्हणाल्या होत्या, एवढा चवडा कुणीतरी करा गं. गटातल्या चौथ्या, भामामावशी, त्यांनी सुया हातात घेतल्यासुद्धा. आईंनी ते विणलेलं उसवायला लावलं. ही गोष्ट आई आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

या वर्षी मात्र त्यांची जोडी अडली होती. पहिला मोजा झाला, निळा, वर पांढरी पट्टी. दुसरा घोट्यापर्यंत आला आणि टाचेशी थांबला. गौरी गेल्या त्या दिवशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"माझे डोळे दुखतात गं. तुला दाखवते, तू कर. मुबीनाकडे बोलू नकोस."

मला विणायला येतं म्हणजे शाळेत एक मफलर केला होता, तेवढंच. पण आईंनी स्वतःहून काही मागितलं असं कधी झालंच नव्हतं. मी हो म्हटलं. आणि त्यांनी गुरुवारी जाणं बंद केलं. विचारलं तर म्हणाल्या, गुडघे.

तर रोज सकाळी आभाला बालवाडीत सोडून आले की दूध तापायला ठेवून मी बसायची. आभा घरी येईपर्यंतचा तोच काय तो वेळ माझा. कमरेत वाकून, ओठ चावून दोन-चार ओळी व्हायच्या. पिशवी फळीवर. आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघावं तर मोजा होता तिथेच.

पहिल्यांदा वाटलं, आपण मोजायला चुकतोय. मग एकदा एक टाका सुटून खालपर्यंत शिडी झालेली दिसली. तीही माझीच चूक. मग मी खूण म्हणून शेवटच्या ओळीत सेफ्टी पिन अडकवली. दुसऱ्या दिवशी पिन पिशवीच्या बंदाला नीट बंद करून लावलेली! आभा तिथे पोचत नाही, आणि पोचली तरी पिन बंद करणार नाही. म्हणजे मीच लावली असणार. मीच लावली, आणि मला आठवत नाही.

तसंही त्या दिवसांत माझ्याविरुद्ध पुरावे खूप होते. कुकर लावून शिटी लावायची विसरले होते. निनादला डब्यात भाजी, कोशिंबीर, लोणचं दिलं आणि पोळ्या घरीच राहिल्या. तो संध्याकाळी म्हणाला, "तू खरंच विणतेस, की स्वप्नात विणतेस?" तो हसला, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन फोनवर शोधलं, तिशीत विसरायला होतं का. फोन म्हणाला, होतं, आणि पुढे जे जे म्हणाला ते वाचून मी फोन पालथा ठेवला.

म्हणून त्या दुपारी मी आभाचा पाय हळूच उचलून उशीवर ठेवला, केसांतली बोटं एकेक सोडवली आणि दारात जाऊन उभी राहिले.

आई फरशीवर बसल्या होत्या. ज्यांचे गुडघे दुखत होते त्या आई. एक हात दिवाणाखाली घालून चाचपत होत्या. मांडीवर निळा मोजा.

मला बघितलं आणि म्हणाल्या, "झोपली का ती?"

"झोपली. काय शोधताय?"

"काही नाही गं. चष्मा."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या."

"मग दुसरा."

"दुसरा कुठे आहे तुमच्याकडे?"

मी पोटावर झोपले आणि दिवाणाखालून सुई काढली. सुईबरोबर आभाचा हरवलेला हिरवा खडू आणि एक वाळलेली भेंडी पण निघाली. उठून बसले तेव्हा मोजा नीट दिसला. तीन सुया जागेवर होत्या. चौथ्या सुईवरचे टाके मोकळे, भुकेल्या पिलांच्या चोचींसारखे वर तोंड करून. आणि बाजूला कुरळ्या धाग्याचा ढीग. माझी सकाळ होती ती.

"हे मी आज विणलेलं," मी म्हटलं.

"हो."

"उसवलंत?"

"हो."

"रोज?"

"रोज नाही," आई म्हणाल्या. "रविवारी निनाद घरी असतो."

मला आधी काय होतंय ते कळलंच नाही. मी हसायला लागले. तोंडावर ओढणी दाबून, आभा उठू नये म्हणून. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि थांबेचना.

"अगं, मी तुझं विणलेलं उसवतेय, आणि तू हसतेस काय?"

"आई, मला वाटलं माझंच डोकं गेलं! ती पिन... ती पिन तुम्ही लावलीत?"

"मग काय उघडी टाकू? घरात लहान मूल आहे."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसले. त्यांना काही समजेना. त्या बिचाऱ्या रागाची वाट बघत होत्या. मग जराशा सावरून त्यांनी बाईंचा आवाज काढला, "तुझा हात फार घट्ट आहे, रेवा. एवढं दात-ओठ खाऊन काय विणतेस? मुलाचा पाय आत जायचा नाही. मुबीनाने बघताक्षणी ओळखलं असतं, हा माझा हात नव्हे म्हणून."

"मग मला सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू सोडून दिलं असतंस. मग विणलं कुणी असतं?"

"तुम्ही."

आणि तेव्हा मी बघितलं, की उजवा हात त्यांनी पदराखाली घेतलाय, आणि पदर हलतोय. शिटी व्हायच्या आधी कुकरचं झाकण थरथरतं तसा.

मी पदर बाजूला केला. त्यांनी करू दिला.

"उसवायला काही लागत नाही," त्या हाताकडे बघत आई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे बघावं तशा. "धागा ओढला की येतो. पण टाके परत सुईवर घ्यायला दुपार जाते. एखादा निसटतो."

म्हणजे ती शिडी. ती पण माझी नव्हती.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी थोडासा होता. वाटलं, वय झालं. पाऊस संपता संपता वाढलाय."

आणि मला आठवलं, की आई चहा अर्धा कपच घ्यायला लागल्या होत्या. मला वाटायचं, साखरेची काळजी करतायत.

"डॉक्टरांना दाखवू या."

"त्यांना काय दाखवायचं? ते नाव सांगतील." त्यांनी मोजा उचलून परत खाली ठेवला. "नाव कळलं की ते रोज घरात येऊन बसतं. अजून तरी माझा हात आहे नुसता."

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला आणि आभा केस विस्कटलेली, गालावर उशीचा वळ घेऊन दारात उभी राहिली. लहान मुलांना बरोबर तेच दिसतं जे आपण झाकत असतो.

"आजी, तुझा हात काय करतोय?"

"नाचतोय," आई म्हणाल्या.

"हां," आभा म्हणाली, आणि हिरवा खडू उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी गवारीच्या शेंगा मोडताना मी आईंना सांगितलं, की मी आता हा मोजा विणणार नाही. मनात बोलायची तालीम केली होती, तरी आवाज चढला. "मला आवडत नाही हे, आई. खरंच नाही आवडत. मला त्या वेळात नुसतं बसायचं असतं. तुम्ही म्हणालात म्हणून केलं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

शेंगांचा कट कट आवाज होत राहिला. मग त्या म्हणाल्या, "गुरुवारी खोकं बांधणार. एका मोज्याची जोडी होत नाही."

"मग घेऊन जाऊ. जसा आहे तसा. देऊन टाकू त्यांना."

"कुणाला? ताहिराला?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. "घरात लग्न असताना मी तिला उसवायला लावलंय, रेवा. आता मी जाऊन म्हणू, माझा तू कर? ती हसेल. आणि हसली नाही तर ते जास्त वाईट. सगळ्याजणी हाताकडे बघतील आणि मग गोड बोलायला लागतील माझ्याशी. मला नाही चालायचं ते. त्यापेक्षा मी जातच नाही."

तेव्हा मला कळलं, गुडघे म्हणजे काय होतं ते. मोजा राहिला तर राहू दे. पण माझे सासरे गेल्यावर या बाईला घरातून बाहेर काढलं होतं ते त्या गुरुवारांनी. तो गुरुवार त्या सोडायला निघाल्या होत्या.

मी जास्त बोलले नाही. पण बुधवारी रात्रीचं आवरताना बघितलं, तर सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळून पिशवी दाराशी ठेवलेली, त्यांच्या चपलांच्या बाजूला.

(हे लिहितेय ते त्याच सकाळच्या वेळात, जो आता मोकळा झालाय. दूध तापतंय. एक डोळा तिकडे आहे.)

गुरुवारी रिक्षा केली. आभा माझ्या मांडीवर, पिशवी आईंच्या. पुलावरून उतरेपर्यंत आई मला घरातल्या डाळी संपल्यात का ते विचारत होत्या. टपाल नाक्याच्या अलीकडे उतरलो, जिना चढलो आणि खालांच्या दारापुढे आई एकदम वळल्या.

"रेवा, परत जाऊ या. फोन करून सांगू, आभाला ताप आला."

"मला ताप नाही!" आभा ओरडली. तिला तापापेक्षा त्यावरच्या औषधाचा राग आहे.

दार उघडलंच.

"आल्या राणीसाहेब!" मुबीनाखाला म्हणाल्या. "गुडघ्यांनी परवानगी दिली का? आणि ही कोण, आमची आभा? या अल्लाह, केवढी झाली! ये आत, गार हवा बाहेर चालली."

आत भामामावशी सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, गुलाबी मोजा हातात. त्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, घरची मच्छी विकून दोन बस बदलून येतात. "सुनीताबाय! मी मोऱ्याशी येतंय, न तुला इथून इथं येवाला जमत नाय गो? आमी दर येळेला इचारतो, मुबीना, जिती हाय ना ती?"

"आहे, आहे," आई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. उजवा हात पदराखाली.

ताहिराखालांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि परत सुया चालवायला लागल्या. मला वाटलं, झालं.

खालांनी चहा आणला. त्यांच्याकडे कप काठोकाठ भरायची पद्धत आहे; कमी भरलेला कप म्हणजे पाहुण्याचा अपमान. तो काठोकाठ कप त्यांनी आईंच्या पुढे धरला.

आईंनी डावा हात पुढे केला. तो पुरेना. मग उजवा. कप बशीवर वाजायला लागला, बारीक, भराभर, आणि चहा बशीत, बशीतून साडीवर. सुया थांबल्या. मी उठणार होते. पण आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी होते तिथेच बसले. त्यांनी कप स्वतः टीपॉयवर ठेवला, अर्धा सांडलेला. पिशवीतून मोजा काढला. उठल्या, खोली ओलांडली आणि मोजा ताहिराखालांच्या मांडीवर ठेवला. उघड्या हाताने. तो हात सगळ्यांच्या समोर थरथरत होता आणि त्यांनी तो झाकला नाही.

"टाच राहिली, ताहिरा," त्या म्हणाल्या. "माझ्याने होत नाही. तू कर."

ताहिराखालांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एक जोडी, एक हात. नाही का?"

"हो."

"कुणी केला होता नियम?"

"मी."

"बाहेर बाया मेंदीची गाणी गातायत आणि नवऱ्या मुलाची आई कोपऱ्यात बसून चवडा विणतेय! अब्दुल्लाच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या हातात मोजा आहे, सुनीता. मोजा! सून आजतक पाहुण्यांना दाखवते. म्हणते, अम्मीला फार थंडी वाजते."

भामामावशींनी तोंडाला पदर लावला. खालांचे खांदे हलायला लागले. आणि मग आई हसल्या. त्यांना हसताना ऐकून मला कळलं, की घरात तो आवाज बरेच दिवस नव्हता.

"हस, हस," ताहिराखाला म्हणाल्या. पण बोटं केव्हाच मोज्यावर फिरायला लागली होती. एका जागी थांबली. "हे काय? हे कुणी विणलं, दगडासारखं?"

"मी," मी म्हटलं.

"बेटा, मोजा विणत होतीस की नवऱ्याचा गळा आवळत होतीस?"

आणि त्यांनी सुई काढून धागा ओढला. सर्रकन माझ्या राहिलेल्या ओळीही गेल्या. वाईट वाटायला हवं होतं. पण तंग चप्पल पायातून निघाल्यासारखं वाटलं मला.

"सुनीताबाय," भामामावशी एकदम म्हणाल्या, "आता तू सांगितलंस, त मी पन सांगून टाकते. गेल्या सालची तुझी जोडी. तिचा चवडा मीच उसवला."

"काय?"

"डुलत होते टाके, दारू पिल्यावानी. मी घरी नेला, न रातसार बसून तुझ्यावानी विनला. तुझ्यावानी म्हंजे कसा, कंजूस, एक पन टाका सैल नाय. माझा जीव गेला."

आई वळल्या. "माझं विणलेलं उसवलंस? मला न विचारता?"

खोलीत माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही, त्या मध्येच का थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाच्या केसांतली क्लिप फार मन लावून नीट करत होते.

"बरं केलंस," आई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" मग त्यांनी विचारलं.

"सुनीता," मुबीनाखाला म्हणाल्या, "आम्ही लोकर बघतो गं, आंधळ्या नाही. वाट बघत होतो तू बोलशील म्हणून. तुला आपण होऊन सांगायला जायचं म्हणजे... तू पट्टी मारलीस तर?"

मग मोज्याची वाटणी झाली, भांडत भांडत. टाच ताहिराखाला वळवणार, कारण त्यांच्यासारखी टाच कुणाला जमत नाही, असं त्यांचंच म्हणणं. तळवा भामामावशींचा. चवडा खालांचा. खोकं दोन दिवस उशिरा गेलं तरी तिकडे अजून बर्फ पडलेला नाही, यासीनला फोन करून विचारू.

"तिघींचे तीन हात," आई कुरकुरल्या. "ताहिराचा घट्ट, भामाचा सैल. दोन मोजे सारखे कसे होणार?"

"पोरांचे दोन पाय तरी कुठे सारखे असतात?" खाला म्हणाल्या. "तू बस इथे आणि चुका काढ. ते तर जमेल ना?"

"ते तिला झोपेत पन जमंल," भामामावशी म्हणाल्या. त्यांनी उठून आईंचा कप परत भरला, मग त्यातला अर्धा आपल्या रिकाम्या कपात ओतला आणि उरलेला आईंच्या हातात दिला. "अर्धा माझा." एवढंच. कुणी गोड बोललं नाही. कुणी हाताकडे बघून मान हलवली नाही. आईंनी दोन्ही हातांनी कप धरला आणि चहा संपवला.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," खाला विणता विणता म्हणाल्या. "मी पण येते."

"ते नाव सांगतील."

"सांगू देत. आपण त्यांच्या नावाला नावं ठेवू. चौघी आहोत."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या खुर्चीत मागे टेकल्या, दार उघडल्यापासून पहिल्यांदाच. ताहिराखालांच्या सुयांवर टाच वळायला लागली होती. सरळ उतरत आलेली निळी नळी तिथे हळूहळू वाकत होती, आत पाय असल्यासारखी. आई पुढे झुकून म्हणाल्या, "तिथे एक टाका उचललेला नाहीस, ताहिरा." "उचललाय." "नाही उचललास." "चष्मा बदल तुझा!" मला वाटलं, आता इथे मी नसले तरी चालेल. मी फरशीवर बसले, भिंतीला टेकून, गार हवेत, रिकाम्या हातांनी. कितीतरी दिवसांनी मी कुठेतरी नुसती बसले होते.

आभा सगळ्यांच्या मधोमध उभी राहून बघत होती. आधी भामामावशींचे हात, मग ताहिराखालांचे, मग मुबीनाखालांचे. सगळे हात हलत होते, आणि प्रत्येकीच्या मांडीवर काहीतरी तयार होत होतं. मग ती आजीच्या खुर्चीशी गेली. आईंचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता, उघडा, आपल्या तालात थरथरत. तिने त्या हाताखाली बघितलं, काही विणलं जातंय का ते. काही नव्हतं. मग वाकून त्या हातावर कान ठेवला. बराच वेळ ठेवला. आई हलल्या नाहीत. ताहिराखालांच्या सुयासुद्धा थांबल्या.

मग तिने मान वर केली आणि सगळ्यांना सोडून मला विचारलं, "मम्मा, गाणं तर ऐकू येत नाही. मग आजीचा हात कशावर नाचतोय?"